घड्याळ आणि घाम

कारखान्यात एका माणसाने दिवसाला किती काम करावे, हे कोणी ठरवायचे? मालकाने, मुकादमाने, की काम करणाऱ्याने? प्रश्न साधा वाटतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून संप झाले, अमेरिकेच्या संसदेत चौकशी झाली आणि एक नवे शास्त्रही उभे राहिले. त्याला आपण ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ म्हणतो. त्याचा जनक मानला जातो फ्रेडरिक विन्स्लो टेलर.

टेलरचा जन्म १८५६ साली फिलाडेल्फियातल्या सुखवस्तू घरात झाला. हार्वर्डची प्रवेश परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. पण दृष्टीच्या तक्रारीमुळे तिकडे न जाता त्याने कारखान्यात उमेदवारी पत्करली. १८७८ मध्ये तो मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधा कामगार म्हणून लागला आणि काही वर्षांत मुख्य अभियंता झाला. दोन्ही बाजू जवळून पाहिल्यामुळे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कामगार हात राखून काम करतात, त्याचे कारण नुसता आळस नव्हे. नगामागे मजुरी मिळते म्हणून कोणी जास्त नग काढले, की मालक नगाचा दरच उतरवतो. मग जास्त घाम गाळायचा कशाला? हिशेब कामगाराचा चुकत नव्हता, पद्धत चुकत होती.

यावर टेलरने उपाय काढला तो मोजण्याचा. कामाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला लागणारा वेळ स्टॉपवॉच लावून टिपायचा आणि त्यावरून दिवसाचे वाजवी काम ठरवायचे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने चार तत्त्वे मांडली. अंदाजपंचे चालणाऱ्या रीतीऐवजी प्रत्येक कामाचे शास्त्र तयार करावे. त्या कामाला योग्य माणूस निवडून त्याला शिकवावे. व्यवस्थापनाने कामगारांशी मनापासून सहकार्य करावे. आणि जबाबदारी दोघांत वाटून घ्यावी. आखणी व्यवस्थापनाने करावी, काम कामगाराने करावे. ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हे नाव मात्र रूढ झाले ते १९१० मध्ये. रेल्वे कंपन्यांच्या दरवाढीविरुद्ध लढताना लुई ब्रँडाइस या वकिलाने ते पुढे आणले. या पद्धतीने रेल्वेचे रोज दहा लाख डॉलर वाचतील, अशी साक्ष तेव्हा देण्यात आली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली.

टेलरचा सर्वांत गाजलेला प्रयोग बेथलेहेम पोलाद कारखान्यातला, १८९९ सालचा. तिथे मजूर ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोंची बिडाची लगड उचलून फळीवरून रेल्वेच्या वाघिणीत नेऊन टाकत. माणशी रोजचे काम होते साडेबारा टन. टेलरने ‘श्मिट’ या टोपणनावाच्या मजुराची गोष्ट सांगितली आहे. केव्हा उचलायचे, केव्हा थांबायचे, हे सांगेल तसे ऐकून त्याने दिवसाला सत्तेचाळीस टन माल हलवला. त्याची रोजी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. या गोष्टीत टेलरने बरेच तिखटमीठ घातले होते, हे १९७४ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले.

पण त्याचेच आकडे खरे धरले तरी काय दिसते? काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी वाढली साठ टक्क्यांनी. टेलरचेच म्हणणे असे, की फावड्यांचा आकार आणि मापे बदलल्यावर पूर्वी चारशे ते सहाशे मजूर करीत ते काम १४० जणांवर आले. मग उरलेल्यांनी कुठे जायचे? घड्याळ वेळ अचूक सांगते; वाढलेल्या फायद्यात कोणाचा वाटा किती, हे ते सांगत नाही.

ठिणगी पडली १९११ च्या ऑगस्टमध्ये. बॉस्टनजवळच्या वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात एका ओतकामगाराने स्टॉपवॉचसमोर काम करायला नकार दिला. त्याला काढून टाकताच त्याचे सहकारी बाहेर पडले. मजुरीपेक्षा त्यांना सलत होता तो अपमान. संसदेने चौकशी समिती नेमली. १९१२ च्या जानेवारीत टेलरने तिच्यापुढे सांगितले, की मालक व कामगार यांनी फायद्याच्या वाटणीवरून भांडणे सोडून तो वाढवण्याकडे लक्ष द्यावे. मग भांडणाचे कारणच उरणार नाही. संसदेला ते पटले नसावे. १९१५ मध्ये शस्त्रागारांसाठीच्या सरकारी पैशातून स्टॉपवॉचने काम मोजण्यास मनाई झाली. टेलरही त्याच वर्षी वारला.

याच परंपरेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य वेगळे उठून दिसते. फ्रँक मूळचा गवंडीकामातला. वीट रचताना होणाऱ्या अठरा हालचाली त्याने पाचांवर आणल्या. गवंड्याला वाकावे लागू नये म्हणून विटा हाताच्या उंचीवर ठेवण्याची सोय केली. लिलियन मानसशास्त्राची अभ्यासक. कामाबरोबर कामाचा शीणही मोजला पाहिजे, असे या दोघांनी सांगितले. माणसाला जास्त पळवण्यापेक्षा त्याची निरर्थक धावपळ थांबवा, हा त्यांचा धडा आजही शिळा झालेला नाही.

हेच वारे ‘रॅशनलायझेशन’ या नावाने मुंबईच्या गिरण्यांत पोचले. १९२८ च्या सुरुवातीला काही गिरण्यांनी विणकराला दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले. कामगारांचे म्हणणे असे, की हलक्या कापसाचे सूत सारखे तुटते; तिसऱ्या मागाकडे बघणार कोण? आणि तीन माग एकानेच चालवले, तर शेजारच्या भावाने काय खायचे? वेतनकपातीची भीती होतीच. एप्रिलमध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे ही नावे तेव्हा गिरणगावात घरोघरी पोचली. पुढे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे मागांचा आणि मजुरीचा हिशेब मांडला गेला.

मोजमाप वाईट नाही. गवंड्याचे वाकणे वाचवले तेही मोजमापानेच. पण मोजणाऱ्याने सूत कसे आहे ते पाहायला हवे, विणकराला विचारायला हवे आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार, ते आधी ठरवायला हवे. आज गोदामात माल भरणाऱ्याचे सेकंद हातातले यंत्र मोजते, घरपोच सामान आणणाऱ्याची मिनिटे मोबाइल मोजतो. घड्याळ बदलले आहे. वॉटरटाउनच्या ओतकामगाराने आणि परळच्या विणकराने विचारलेला प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो विचारण्याचा हक्क काम करणाऱ्याला असलाच पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)