छळाचा कायदा आधी वंशाचा, मग लिंगाचा

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर संशोधन करायचं म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण १९९७ च्या विशाखा निकालापासून सुरुवात करतात. ते चूक नाही. पण छळ म्हणजे भेदभाव, ही कल्पना कायद्यात कशी शिरली हे बघायचं तर अमेरिकेत जावं लागतं. आणि तिथे सुरुवात लैंगिक छळाच्या खटल्याने होत नाही.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. 'छळ' हा शब्द त्यात नव्हता. १९७१ मध्ये 'रॉजर्स विरुद्ध ईईओसी' हा निकाल आला. डोळे तपासून चष्मे देणाऱ्या टेक्सासमधल्या एका व्यवसायात ग्राहकांना वांशिक मूळ बघून वेगवेगळी वागणूक दिली जाते, अशी स्पॅनिश आडनावाच्या एका कर्मचारी बाईची तक्रार होती. आता गंमत बघा, भेदभाव ग्राहकांशी, तक्रार कर्मचाऱ्याची! तरी अपील न्यायालय म्हणालं की कामाचं वातावरणच भेदभावाने दूषित असेल, तर तोही नोकरीतला भेदभाव ठरू शकतो.

लैंगिक छळाच्या तक्रारी मात्र त्या दशकात सुरुवातीला फेटाळल्या जात होत्या. साहेबाने अंगलट केली, तर तो दोघांमधला खासगी मामला, असं खालची न्यायालयं म्हणत. १९७७ च्या 'बार्न्स विरुद्ध कॉसल' खटल्यात अपील न्यायालयाने हे खोडून काढलं. १९८० मध्ये समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे ईईओसीनेच, मार्गदर्शक तत्त्वं काढली. शेवटी १९८६ मध्ये 'मेरिटर सेव्हिंग्ज बँक विरुद्ध व्हिन्सन' खटला सर्वोच्च न्यायालयात आला. पैशाचं नुकसान झालेलं नाही, मग दावा कसला, असा बँकेचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो नाकारला, आणि आधार म्हणून रॉजर्सचाच हवाला दिला. मिशेल व्हिन्सन स्वतः कृष्णवर्णीय होत्या. पण खटला उभा राहिला तो फक्त लिंगाच्या मुद्द्यावर.

इथपर्यंत सगळे वाचतात. पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो: जिंकून हातात काय पडलं?

१९९१ पर्यंत सातव्या प्रकरणाखाली थकीत पगार, नोकरीवर परत घेणं, किंवा 'हे थांबवा' असा आदेश, एवढंच मिळायचं. म्हणजे जी बाई छळ सोसत नोकरी टिकवून राहिली, तिला भरपाई जवळपास शून्य. वांशिक छळासाठी १८६६ चा जुना कायदा होता, पण १९८९ च्या 'पॅटरसन' निकालाने तोही आखडला: करार करताना भेदभाव नको, नंतरचा छळ त्यात बसत नाही. १९९१ च्या कायद्याने दोन्ही दुरुस्त केलं, पण सारखं नाही. सातव्या प्रकरणाखालच्या मानसिक त्रासाच्या भरपाईला आणि दंडात्मक भरपाईला मिळून कमाल मर्यादा आली: कर्मचारीसंख्येनुसार ५०,००० ते ३,००,००० डॉलर. १८६६ च्या कायद्याखालच्या वांशिक दाव्याला ही मर्यादा नाही. मग जिचा छळ बाई म्हणूनही होतो आणि काळी म्हणूनही, तिच्या वकिलाला एकाच अनुभवाचे दोन तुकडे करावे लागतात, कारण दोघांचा भाव वेगळा.

आपल्या २०१३ च्या कायद्यात धाक दाखवणारं, अपमानकारक किंवा प्रतिकूल कार्यवातावरण असा उल्लेख आहे. १९८० च्या अमेरिकी तत्त्वांतही हीच तीन विशेषणं सापडतात. आपल्या व्याख्येत जात मात्र नाही. विशाखा ज्या भंवरीदेवी प्रकरणातून आलं, त्यात जात ठळक असूनही.

म्हणून निकाल वाचताना वहीत तीन रकाने आखा: तक्रार काय होती, न्यायालयाने ती कुठल्या खणात बसवली, आणि हातात काय दिलं. पहिल्या दोन रकान्यांत जे जुळत नाही, तिथे तुमचा संशोधनप्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे.