खिमा, कोफ्ता आणि लोझानचा करार

ग्रीक भाषेत बारीक केलेल्या मांसाला ‘किमास’ म्हणतात. आपण ‘खिमा’ म्हणतो, उर्दूत ‘क़ीमा’ लिहितात. तिन्हींचं मूळ एकच, तुर्की भाषा. तुर्कीत ‘कियमक’ म्हणजे बारीक चिरणं आणि चिरलेलं मांस म्हणजे ‘कियमा’. याच खिम्याचे गोळे तळले की ग्रीक लोक त्यांना ‘केफ्तेदेस’ म्हणतात, तुर्क ‘क्योफ्ते’ आणि आपण कोफ्ते. हा शब्द फारसीतल्या ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणं या क्रियापदावरून आला. उर्दूत जीव वैतागला की ‘कोफ्त’ झाली म्हणतात, तीही याच घरातली. मांस कुटलं की कोफ्ता, मन कुटलं गेलं की कोफ्त. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात आणि शब्द विसरत नाहीत.

हल्ली ‘ग्रीक पद्धतीचा लॅम्ब बर्गर’ नावाचा पदार्थ बऱ्याच ठिकाणी दिसतो. हे नाव मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रूढ झालं. खुद्द ग्रीसमध्ये निखाऱ्यावर भाजलेल्या खिम्याच्या चपट्या वडीला ‘बिफ्तेकी’ म्हणतात. घरी करायला तो सोपा आहे. अर्धा किलो मेंढीचं मटण थोड्या चरबीसकट एकदाच दळून आणा. त्यात एक कांदा किसून, पाणी पिळून घाला. चार पाकळ्या लसूण, मूठभर चिरलेला पुदिना, चमचाभर वाळलेला ओरेगॅनो, चमचाभर जिरेपूड, मीठ, मिरी आणि भिजवून पिळलेला शिळ्या पावाचा एक तुकडा घालून हलक्या हाताने कालवा. तासभर थंड जागी ठेवा. मग चार चपट्या वड्या थापून, मधे अंगठ्याने खळगा करून, तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्हीकडून भाजा. खिमा आतून कच्चा राहू देऊ नका. वर फेटा चीज कुस्करायचं. आपल्या डोक्यावरच्या फेट्याशी याचा संबंध नाही, इटालियन ‘फेत्ता’ म्हणजे काप, त्यावरून ते नाव पडलं. ते मिळालं नाही तर पनीर कुस्करून त्याला मीठ-लिंबू लावून ठेवा, चव तीच येणार नाही पण काम भागेल. सोबतीला घट्ट दह्यात काकडी, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घालून केलेली ‘त्झात्झिकी’. तिचं नाव तुर्की ‘जाजिक’वरून आलं आणि ती आपल्या काकडीच्या कोशिंबिरीची सख्खी बहीण शोभेल.

आता प्रश्न असा, की यातलं ‘ग्रीक’ नेमकं काय? मांसाचं नाव तुर्की, गोळ्याचं फारसी, चीजचं इटालियन, वडीचं नाव युरोपातल्या ‘बीफस्टेक’चं बदललेलं रूप. पदार्थ आधी कुणी केला याचा वाद घालण्यातही अर्थ नाही. रोमन काळातल्या, एपिकियसच्या नावावर असलेल्या पाकग्रंथात खिम्याच्या पदार्थांचा एक स्वतंत्र भागच आहे. 1226 साली बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी लिहिलेल्या पाकग्रंथात कुटलेल्या मांसाचे गोळे घातलेल्या कितीतरी पाककृती आहेत. मांस महाग असतं, ते कुटून, त्यात पाव-कांदा घालून पुरवठ्याला आणायचं, हे शहाणपण गरजेतून येतं. त्याला धर्मही नसतो आणि सरहद्दही.

सरहद्द आली ती 1923 साली. पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्य हरलं आणि मे 1919 मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्ना म्हणजे आजच्या इझमीर शहरात उतरलं. तीन वर्षं युद्ध चाललं. दोन्ही बाजूंनी गावं जाळली, दोन्हीकडची निरपराध माणसं मेली. सप्टेंबर 1922 मध्ये तुर्क सैन्याने इझमीर परत घेतलं आणि काही दिवसांतच शहराचा ग्रीक व आर्मेनियन भाग आगीत खाक झाला. बंदरावर जीव वाचवायला जमलेल्या लाखो माणसांच्या मागे आग होती आणि पुढे समुद्र. त्या काळात हिंदुस्थानात खिलाफत चळवळ जोरात होती. मुंबईच्या खिलाफत कमिटीने तुर्कांसाठी पैसे गोळा केले होते. आपल्या वडीलधाऱ्यांची सहानुभूती तुर्कांकडे असणं स्वाभाविक होतं. पण शंभर वर्षांनंतर हा इतिहास वाचताना बंदरावरची ती माणसंही दिसली पाहिजेत.

30 जानेवारी 1923 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी तुर्कस्तान आणि ग्रीसने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला जातील, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात जातील. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना वगळलं होतं. बाकी सर्वांना सक्ती होती आणि सरकारच्या परवानगीशिवाय परत येऊन राहण्याची मनाई होती. सुमारे 12 लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, त्यांतले बहुतेक करारापूर्वीच पळून आले होते. साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. तुर्कीत या घटनेला ‘मुबादेले’ म्हणतात. उर्दूतला ‘मुबादला’, ‘तबादला’ आणि मराठीतले ‘बदल’, ‘बदली’ हे सगळे त्याच अरबी धातूचे. आपल्याकडे बदली झाली की शिक्षक कुरकुर करतो. तिथे सोळा लाख माणसांची बदली झाली, कायमची.

या करारात माणूस कोण हे ठरवण्याची कसोटी एकच होती, धर्म. भाषा विचारलीच नाही. कप्पादोकियाच्या पठारावर ‘करामानली’ नावाचे ख्रिस्ती राहत. त्यांच्या घरात तुर्की बोलली जाई, त्यांची तुर्की पुस्तकं ग्रीक लिपीत छापली जात. त्यांना ‘ग्रीक’ ठरवून ग्रीसला पाठवलं. तिकडे क्रीट बेटावरचे बहुसंख्य मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ग्रीक बोलत आले होते. त्यांना ‘तुर्क’ ठरवून तुर्कस्तानला पाठवलं. दोघांनाही आपल्या ‘मायदेशात’ उतरल्यावर तिथली भाषा शिकावी लागली.

स्वागत कसं झालं, हेही बघा. ग्रीसमध्ये या निर्वासितांना ‘तुर्कांचं बियाणं’ म्हणून हिणवलं गेलं. त्याहून बोचरी शिवी होती ‘दह्यात बाप्तिस्मा घेतलेले’. ते स्वयंपाकात दही फार वापरतात, म्हणजे त्यांचा ख्रिस्ती धर्मही पाण्याचा नव्हे, दह्याचा! क्रीटहून तुर्कस्तानात गेलेल्यांना ‘अर्धे काफिर’ म्हटलं गेलं. ते लोण्याऐवजी ऑलिव्हच्या तेलात रांधत आणि रानभाज्या आवडीने खात. त्यावर तिकडे एक विनोद सांगतात. शेतात गाय आणि क्रीटवाला दोघेही शिरलेत असं कळल्यावर शेतकरी म्हणतो, आधी क्रीटवाल्याला बाहेर काढ, गाय पोट भरलं की आपणहून निघेल. हसू येतं खरं, पण माणसाच्या ताटावरून त्याची निष्ठा मोजण्याची सवय कुठल्याच देशाची मक्तेदारी नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग ताटानेच उत्तर दिलं. स्मिर्नाहून आलेल्या बायकांनी जिरं आणि लसूण घातलेले लांबट कोफ्ते टोमॅटोच्या रश्शात शिजवले. ‘सुत्झुकाकिया स्मिर्नेइका’ हे त्यांचं नाव, म्हणजे स्मिर्नाची छोटी सुजुकं. ‘सुजुक’ हा मसालेदार सॉसेजसाठीचा तुर्की शब्द. आज हा पदार्थ ग्रीसभर घराघरांत होतो आणि त्यातला जिऱ्याचा वास ही त्याची ओळख आहे. तुमच्या लॅम्ब बर्गरमध्ये चमचाभर जिरेपूड पडते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

राष्ट्र मात्र स्वच्छतेच्या मागे लागलं होतं. निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाचे ग्रीसचे सर्वांत प्रसिद्ध स्वयंपाकी याच काळातले. त्यांच्या पुस्तकाचा प्रभाव इतका, की ग्रीक भाषेत पाककृतींच्या पुस्तकालाच ‘त्सेलेमेंतेस’ म्हणू लागले. तुर्कांमुळे ग्रीक रांधण बिघडलं, ते पुन्हा युरोपीय वळणावर आणायला हवं, असं त्यांचं मत. त्यांनी मसाले कमी केले, फ्रेंच बेशामेल सॉस आणला. मुसाकावरचा तो पांढरा थर त्यांची देणगी मानली जाते. पुढे ‘दोनेर’ हे नाव जाऊन ‘गिरोस’ आलं. दोन्हींचा अर्थ ‘फिरणं’ हाच. 1974 साली सायप्रसमध्ये युद्ध झालं आणि त्यानंतर तुर्की कॉफी ‘ग्रीक कॉफी’ झाली. कॉफी मात्र तीच राहिली. नावं बदलून इतिहास बदलतो, या समजुतीला आपणही अनोळखी नाही.

लोझानचा दाखला पुढे अनेकांनी दिला. 1937 साली पॅलेस्टाइनच्या फाळणीची शिफारस करणाऱ्या ब्रिटिशांच्या पील आयोगाने दिला. 1940 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचं उदाहरण देऊन अल्पसंख्याकांच्या अदलाबदलीचा विचार मांडला. त्यांच्या डोळ्यांपुढे दंगली होत्या आणि कायमची शांतता हा हेतू होता. तो हेतू समजून घेऊनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. धर्मावरून माणसं वेगळी करता येतात, पण त्यांची भाषा, त्यांचं रांधणं, त्यांची अंगाई ही धर्माच्या रेषेवर फाटत नाही. ती रेषा ओढायची तर माणसाच्या आतून ओढावी लागते.

‘तुम्ही मुस्लिम असून मराठी इतकी छान कशी बोलता?’ हा प्रश्न माझ्यासारख्या अनेकांना कौतुकानेच विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण धर्म कळला की भाषा कळली, हे गृहीत त्यात असतं, आणि लोझानच्या टेबलावर तेच गृहीत होतं. माझी मराठी कुठून शिकून आणलेली नाही. ती घरातली आहे, उर्दूही घरातली आहे. खिमा पावही आमचा आणि पिठलं भाकरीही.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आयवालिक आणि समोरचं जुंदा बेट इथे क्रीटहून आलेली मुसलमान कुटुंबं वसली. त्यांच्या म्हाताऱ्या पुढची कित्येक वर्षं घरात ग्रीकच बोलत राहिल्या. नमाज अरबीत, सरकारी कागद तुर्कीत आणि नातवाला जेवायला हाक ग्रीकमध्ये. कराराच्या एकाही कलमात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. तरी चूल पेटत होती आणि नातू जेवायला येत होते.