आजारी दिवसाचा हिशेब

धनत्रयोदशीला आपल्याकडे दोन पूजा होतात. व्यापारी आणि गृहस्थ धनाची पूजा करतात. वैद्यांच्या घरी धन्वंतरीची पूजा होते आणि कडुनिंबाची कोवळी पाने साखरेबरोबर प्रसाद म्हणून हातावर पडतात. या दोन्ही पूजा एकाच दिवशी का आल्या, याचा विचार धणे-गुळाचा नैवेद्य दाखवताना सहसा कोणी करीत नाही. पण पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला ही संगती समजावून सांगावी लागत नाही. घरी माणूस आजारी पडला, तर शेजारीण पेजेचे भांडे आणून ठेवते, भाऊ शेतावर जातो आणि चूल कशीबशी पेटती राहते. परक्या मुलखात मात्र माणसाबरोबर त्याची मिळकतही अंथरुणाला खिळते.

आमचे वारजे हे एके काळी मुठेकाठचे शेतकऱ्यांचे गाव. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या आहेत आणि प्रत्येक इमारतीतून एखादे तरी पोर परदेशी गेलेले आहे. माळवाडीतल्या एका ओळखीच्या मुलाला मॉरिशस बेटावर नोकरी मिळाली. त्याचे मूळ गाव रत्नागिरीकडचे. जाण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र, रक्ताची तपासणी, आरोग्यविम्याचे कागद अशी त्याची धावपळ चालली होती. एके दिवशी ते कागद घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, दवाखान्याचा खर्च विमा कंपनी देणार, हे समजले. पण मी महिनाभर पडून राहिलो तर पगाराचे काय, ते यात कुठेच दिसत नाही."

मला त्या मुलाच्या चाणाक्षपणाचे कौतुक वाटले. कारण त्याच बेटावर, त्याच्याच जिल्ह्यातून गेलेल्या माणसांच्या आयुष्यात दीडशे वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली. ती हकीगत वाचकांना सांगण्यासारखी आहे.

इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसे कमी पडू लागली. ती हिंदुस्थानातून आणावीत असे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज छोटा नागपूरकडचे ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले. पुढे १९१० सालापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून आली. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान होता. पण त्यात आपली माणसे होती. रत्नागिरीची, सावंतवाडीची, घाटावरच्या साताऱ्याची. बेटावर त्यांना सरसकट 'बॉम्बे'वाले म्हणत. नकाशावर ज्याने मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, तो कुळवाडी समुद्रापलीकडे जाऊन मुंबईकर झाला!

जाणाऱ्याच्या हाती करार असे. 'ॲग्रिमेंट' या शब्दाचे बोलताना 'गिरमिट' झाले आणि त्यावर अंगठा उठवणारा 'गिरमिटिया' ठरला. महिना पाच रुपये मजुरी, तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल वा तूप, अंगावर कपडे आणि आजारपणात औषधपाणी, असे त्याचे साधारण स्वरूप होते. 'ॲटलस'वरच्या मजुरांच्या करारात तर आणखी एक कलम होते: दरमहा एक रुपया कापून ठेवायचा आणि त्यातून परतीचे भाडे भागवायचे. म्हणजे विम्याचा हप्ता म्हणावा तशी ही कपात पहिल्या दिवसापासून होती आणि ती मजुराच्याच पाचांतून होत होती. कागदावर पाहिले तर काही उणे नव्हते. औषध होते, अन्न होते, परतीची सोयही होती. उणे कुठे होते, ते पुढे दिसेल.

पहिल्या काही वर्षांत एवढी फसवणूक आणि एवढे हाल उघडकीस आले, की १८३८-३९ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने ही निर्यात थांबवली. १८४२ साली ती पुन्हा सुरू झाली ती कायद्याने बांधून. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीनच बंदरांतून माणसे न्यावीत, प्रत्येक बंदरात सरकारमान्य एजंट असावा, जहाजात माणशी ठरावीक जागा, पाणी आणि शिधा असावा, बेटावर मजुरांचा 'प्रोटेक्टर' म्हणजे पालक-अधिकारी असावा, असे नियम झाले. परदेशी जाणाऱ्या गरिबाच्या प्रकृतीची जबाबदारी कोणावर तरी आहे, हे सरकारने कायद्यात लिहिलेले ते एक पहिलेवहिले उदाहरण होय.

पण कायदा बंदरात राहतो आणि जहाज समुद्रात जाते. जानेवारी १८५६ मध्ये 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही कलकत्त्याची दोन जहाजे पोर्ट लुईजवळ आली. जहाजांवर साथ होती. बेटावरच्या लोकांनी दोनच वर्षांपूर्वी पटकीचा कहर पाहिला होता. त्यांनी या माणसांना किनाऱ्याला लागू दिले नाही. त्यांना उत्तरेकडच्या गॅब्रिएल या उजाड बेटावर उतरवण्यात आले. डोक्यावर धड छप्पर नाही, पोटाला पुरेसे अन्न नाही, अशा स्थितीत अडीचशेंहून अधिक माणसे तिथे मेली. करारात औषधपाण्याचे कलम होते, परंतु ते लागू होण्यासाठी आधी जमिनीला पाय लागावा लागतो! या प्रकाराने हिंदुस्थान सरकारने काही महिने मॉरिशसला माणसे पाठवणेच बंद केले. त्यानंतर शेजारच्या फ्लॅट बेटावर रोग्यांना आणि संशयितांना वेगळे ठेवण्याची बरी व्यवस्था झाली.

जे सुखरूप पोचत, ते पोर्ट लुईच्या घाटावरच्या सोळा पायऱ्या चढून वर येत. १८४९ सालापासून हाच उतारूंचा अड्डा होता. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथे इस्पितळाच्या इमारतीचे अवशेष अजून उभे आहेत. नोंद व्हायची आणि नंबर मिळायचा. दोन दिवस घाटावर काढून मंडळी मळ्यांकडे रवाना व्हायची.

आता मळ्यावरच्या हिशेबाकडे वळू. या गोष्टीचे मर्म तिथे आहे.

मळ्यावर हजेरीचे पुस्तक असे. परवानगीवाचून एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची, ही 'डबल कट'ची पद्धत १८४७ च्या कायद्याने पक्की झाली. आपणच गणित मांडू. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले, तर पाच रुपयांच्या हिशेबाने रोज साधारण तीन आणे पडतात. तापाने फणफणलेला माणूस तीन दिवस झोपडीत पडून राहिला आणि दवाखान्यात नाव लागले नाही, तर सहा दिवसांचे सुमारे साडेअठरा आणे गेले. असा दोनदा पडला, तर महिन्याच्या मजुरीतला निम्म्याजवळ भाग गेला. आणि दवाखान्यात नाव लागलेच, तर अन्न-औषध मिळे, पण त्या दिवसांची मजुरी मिळत नसे. म्हणजे आजार सिद्ध झाला तर एकपट तोटा आणि सिद्ध झाला नाही तर दुप्पट. औषध द्यायला मालक बांधलेला होता. आजारी दिवसाचे नुकसान मात्र सर्वस्वी मजुराचे होते.

मग माणसे दवाखान्यात का जात नसत, असे कोणी विचारील. मजुरांची ठरावीक संख्या असलेल्या मळ्यावर इस्पितळ हवेच, असा नियम होता. पण कित्येक ठिकाणी ते नावापुरते होते. तिथला डॉक्टर मालकाच्या पैशाने येणारा. तो रोग्याची नाडी पाहतो आहे की मालकाची, याचा भरवसा मजुराला नसे. पुणेकरांना हे समजायला जड जाऊ नये. १८९७ च्या प्लेगात आपल्या वाडवडिलांनी माणसे माळ्यावर आणि अडगळीच्या खोल्यांत लपवली, ती काही औषधाचा द्वेष म्हणून नव्हे. तपासणीला येणारा आपल्या भल्यासाठी येतो आहे, असा विश्वास नव्हता म्हणून. विश्वास नसला की दवाखान्याला तुरुंगाची कळा येते.

अशा अवस्थेत १८६६-६७ साली बेटावर हिवताप आला. तोवर मॉरिशसला हा रोग माहीत नव्हता. हवापालटासाठी हिंदुस्थानातले गोरे अंमलदार तिथे जात असत, एवढी त्या हवेची ख्याती होती. उसासाठी जंगले तुटली होती, नुकत्याच झालेल्या आगगाडीसाठी खणलेल्या जागी पाणी साचत होते, आणि आफ्रिकेकडचे डास जहाजांतून येऊन पोचले होते. एकट्या १८६७ सालात बेटावर सुमारे चाळीस हजार मृत्यू झाले. ज्यांना परवडले, ते पोर्ट लुई सोडून उंचावरच्या थंड क्युरपिप गावी राहायला गेले. मळ्यावरच्या माणसाला आपला मळा सोडता येत नव्हता. त्याच १८६७ साली नवा कायदा आला आणि करार संपलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागू लागला. परवाना नसला की तो भटक्या ठरे आणि कोठडीत जाई. तापातून उठलेला, काम सुटलेला माणूस आता कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होता.

या अन्यायाविरुद्ध उभा राहिला तो एक गोरा मळेवाला, अडोल्फ द प्लेव्हित्झ. १८७१ साली त्याने जुन्या मजुरांचा अर्ज लिहिला आणि त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-अंगठे केले. मळेवाले खवळले, त्याला भररस्त्यात मारहाण झाली; पण अर्ज विलायतेस पोचला. चौकशीसाठी राजनियुक्त आयोग १८७२ साली बेटावर उतरला. त्याचे दोन सभासद होते विल्यम फ्रियर आणि व्हिक्टर विल्यम्सन. यातल्या फ्रियरसाहेबाची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत गेली होती. १८७५ साली आलेल्या त्यांच्या अहवालाने मजुरीची कापाकापी, परवान्यांचा जाच आणि इस्पितळांची दुरवस्था चव्हाट्यावर मांडली. १८७८ साली मजुरांचा कायदा बदलला, जाच काहीसा कमी झाला. गिरमिट मात्र राहिले.

त्याच सुमारास जगात दुसरीकडे एक नवी कल्पना आकार घेत होती. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही आयुर्विम्याची संस्था निघाली आणि हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवला जाऊ लागला. त्यापूर्वी हिंदी माणसाला जादा हप्ता भरावा लागे. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. त्यात औषधाबरोबर आजारी दिवसांचा पैसाही होता. म्हणजे जे मॉरिशसच्या मळ्यात अशक्य ठरले होते, ते युरोपात कायदा झाले होते.

हिवतापाचे कोडे सुटले ते मात्र आपल्या भूमीवर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे बीज दिसले. दहा वर्षांनी तोच रॉस मॉरिशसला बोलावला गेला. गावोगावच्या मुलांची पोटे चाचपून त्यांची प्लीहा तपासली गेली, तेव्हा साधारण तिघांतल्या एका मुलाची वाढलेली आढळली. पाणथळी बुजवा, ओढे वाहते करा, हा त्याचा सल्ला होता. काम सावकाश चालले. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.ची फवारणी झाली, तेव्हा कुठे रोग हटला आणि १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने बेट हिवतापमुक्त ठरवले. १९७५ च्या वादळानंतर तो पुन्हा उद्भवला. पुन्हा हटवावा लागला.

गिरमिटाच्या मुळावर घाव घालणाऱ्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले होते, हे पुण्याने विसरू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा हा माणूस. मार्च १९१२ मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात ही पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. ठराव मतांनी पडला. पण पुढे १९१७ साली गिरमिटाची भरती थांबलीच.

दरम्यान बेटावरच्या माणसांनी आपल्यापुरता विमा केव्हाच काढला होता. त्याला कागद नव्हता. बिहारकडच्या वस्त्यांत बैठका होत्या, मराठी वस्त्यांत मंडळ्या झाल्या. गणपती बसू लागला, कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' होऊन नाचू लागली. जिथे चार माणसे भजनाला जमतात, तिथे पाचवा का आला नाही, याची चौकशी होते. आजारी परक्याला पहिली गरज असते ती या चौकशीची. आज गणेशचतुर्थी आणि दिवाळी या दोन्ही दिवशी मॉरिशसला सार्वजनिक सुट्टी असते, त्यामागे ही पुण्याई आहे.

पण मंडळी पेज देऊ शकते, पगार देऊ शकत नाही. त्यासाठी राज्य लागते. १९५० साली मॉरिशसने वृद्धांना कसलाही हप्ता न घेता निवृत्तिवेतन सुरू केले. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे एका गिरमिटियाचे पुत्र आणि पेशाने डॉक्टर! नागरिकांना सरकारी इस्पितळांत मोफत उपचार मिळतात, आणि पाम्प्लेमूसच्या मोठ्या इस्पितळाला रामगुलामांचेच नाव आहे. आपल्याकडेही १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने औषधाच्या जोडीला आजारपणातल्या मजुरीचा हक्क मान्य केला.

राहता राहिला तो परक्याचा प्रश्न. नागरिकाला जे हक्काने मिळते, ते नोकरीसाठी आलेल्याला करारातून आणि विम्यातून मिळवावे लागते. आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. पण तिची सक्ती ठरावीक देशांत जाणाऱ्या श्रमिकांपुरती आहे, आणि त्या देशांत मॉरिशस नाही. म्हणून जाणाऱ्याने स्वतःच्या कागदाला तीन प्रश्न विचारावेत. आधीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च केव्हापासून मिळणार? फार आजारी पडलो, तर घरी आणण्याचा खर्च कोणाचा? आणि अंथरुणावरच्या दिवसांचा पगार कोण देणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विम्याच्या कागदात शोधावीत. तिसऱ्याचे उत्तर बहुधा नोकरीच्या करारात असते, म्हणून सही करण्यापूर्वी ते तिथे लिहून घ्यावे.

त्या सोळा पायऱ्या चढलेल्या माणसांना सही येत नव्हती आणि करार वाचता येत नव्हता. त्यांच्या अंगठ्याखाली औषधाचे कलम होते. आजारी दिवसाचे नव्हते. एवढ्या एका कलमासाठी एक अर्ज, एक आयोग आणि तीन पिढ्या खर्ची पडल्या. आज ज्याला वाचता येते, त्याने ते वाचल्याशिवाय समुद्र ओलांडू नये.