हिशेबनीसाचा शिष्य



सारी उमर कामगार-संघटनेत घालवलेल्या माणसाने एका कारखानदाराचे चरित्र सांगावे, हे आपणांस विचित्र वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते.

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे मारवाडी व्यापारी घराण्यात झाला. तरुणपणीच पैसा आला, मान आला आणि असह्य अर्धशिशीही आली. परदेशच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्या दारी गेले. हे गुरू भिक्षू नव्हते. कारकुनीपासून चढत ते १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले होते. कचेरीचे हिशेब तपासावेत आणि उरल्या वेळात ध्यान शिकवावे, असा त्यांचा क्रम. त्यांचे गुरू सया थेटजी तर भातशेती करणारे शेतकरी! लेडी सयाडो या भिक्षूंनी ही विद्या गृहस्थांना खुली केली, तिची ही परंपरा.

डोकेदुखीवर उतारा म्हणून ध्यान मिळणार नाही, मन शुद्ध करायचे असेल तर या, असे गुरूंनी बजावले. दहा दिवस मौन. पहाटे चारला उठणे. प्रथम केवळ श्वास पाहणे, मग अंगातील सुखदुःखाच्या संवेदना, त्यांवर न चिडता, न लोभावता, पाहणे. शिकवण एवढीच, पण शिकवण्याचा अधिकार मिळायला चौदा वर्षे लागली. मधल्या काळात लष्करी सरकारने त्यांचे कारखाने राष्ट्रीय मालकीचे केले. १९६९ साली मुंबईत त्यांचे भारतातील पहिले शिबिर झाले. बसणारे होते आईवडील आणि आणखी बाराजण. १९७६ पासून इगतपुरीला केंद्र चालू झाले. तिथे फी नाही. आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर नव्यांचे जेवण चालते. गोयंका २०१३ साली निवर्तले.

आपल्या रोह्यापलीकडे कुड्याची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत महाभोज घराण्याबरोबर माळी आणि लोखंडाचा व्यापारीही दाते म्हणून कोरलेले आहेत. ध्यानाची कोठडी कष्टकऱ्यांच्या पैशानेही उभी राहते, ही गोष्ट जुनीच.

मग माझ्यासारख्याला याचे काय? एकदा वाटाघाटीच्या टेबलावर मी रागाने एक शब्द बोललो. बोलणी मोडली आणि संप लांबला. चूक माझी होती. उपाशी राहिली ती कामगारांची मुले. पुढाऱ्याचा राग त्याच्या एकट्याचा नसतो, हे त्या दिवशी कळले.

डोळे मिटून पगारवाढ मिळत नाही. ती लढूनच मिळते. अन्याय सोसायला शिकवणारे ध्यान मला नको. परंतु अन्याय पाहताना ज्याचे डोके ठिकाणावर राहते, तो अधिक दिवस लढतो. त्या हिशेबनीसाकडून मी एवढेच घेतले: रोजच्या रोज आपला हिशेब आपणच तपासावा.