दीर्घिकांचे वजन आणि मरणोन्मुख तारे

दूरस्थ दीर्घिकेतील तारे सुटे दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा एकवटलेला प्रकाश. त्यावरून ताऱ्यांचे वय व वस्तुमान ताडण्याच्या गणिताचा पाया बीट्रिस टिन्सली या विदुषीने १९६८ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठात घातला.

या गणितात घोळ घातला तो मरणोन्मुख राक्षसी ताऱ्यांनी. त्यांच्या गाभ्याभोवतीचे हेलियमचे कवच राहून राहून भडकते. सूर्याच्या हजारो पट तेजाने ते, मुख्यतः अवरक्त प्रकाशात, तळपतात. ही अवस्था टिकते फार तर काही दशलक्ष वर्षे. ताऱ्याच्या हिशेबी घटकाभरच! म्हणून तिचे माप घेणे कठीण.

२००३ च्या ब्रूझुआल-शार्लो प्रतिमानात त्यांचा वाटा अल्प होता. क्लाउडिया मारास्टन यांनी २००५ साली तो पुष्कळ वाढविला. एकेक तारा अधिक तेजस्वी धरला, की तितक्याच प्रकाशाला थोडे तारे पुरतात. २००६ साली तपासलेल्या मूठभर दीर्घिकांचे वस्तुमान त्यामुळे सरासरी ६० टक्क्यांनी उतरले, वयेही घटली.

२०१० साली मारिस्का क्रीक व सहकाऱ्यांच्या निरीक्षणांनी पारडे पुन्हा जुन्या बाजूस झुकविले. वाद मिटला असे पुष्कळांनी धरले. ते घाईचे झाले. जेम्स वेब दुर्बिणीच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णपटांत, तारकाजन्म थांबलेल्या दूरच्या दीर्घिकांत या ताऱ्यांच्या ठळक खुणा आढळल्या.