बास बोटीची कुळकथा

बास बोट म्हणजे लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या गळ-मासेमारीसाठी अमेरिकेच्या दक्षिणेत घडलेली बुटकी, रुंद, मागे मोटर लावलेली बोट. आज ॲल्युमिनियमची साधी बास बोट मोटर आणि ट्रेलरसह वीस हजार डॉलरांच्या आसपास मिळते. फायबरग्लासच्या एकवीस फुटी स्पर्धेच्या बोटीला लाखभर डॉलर किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. दोन्हींवरून टाकलेल्या गळाला मासा तोच लागतो. किमतीतला हा फरक मुख्यतः वेगाचा आणि त्या वेगापायी कराव्या लागलेल्या तजविजीचा आहे. त्याचे मूळ या बोटीच्या दोन वेगळ्या कुळांत सापडते.

त्यातले जुने कूळ नदीवरचे. मिसूरी आणि आर्कान्सा राज्यांतल्या ओझार्क डोंगराळ भागात सपाट बुडाच्या लांबट लाकडी होड्या चालत. त्यांना जॉनबोट म्हणतात. वाटाडे गिऱ्हाइकांना त्यांत बसवून प्रवाहाबरोबर खाली नेत आणि वाटेत मासे धरू देत. वीतभर पाण्यातूनही जाणारी ही होडी कोणताही सुतार बांधू शकत असे. 1933 मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही धरणे बांधणारी सरकारी संस्था स्थापन झाली, पुढे लष्कराच्या अभियंता विभागानेही धरणांचा धडाका लावला आणि नद्यांच्या जागी विस्तीर्ण जलाशय पसरले. व्हाइट नदीवरचे बुल शोल्स धरण 1951 मध्ये पुरे झाले, टेक्सासचे सॅम रेबर्न 1965 मध्ये. कित्येक जलाशयांत झाडे तशीच उभी बुडाली आणि बास माशाला दडायला हवा तसा आसरा मिळाला. मात्र मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की सपाट बुडाची होडी लाटांवर आदळू लागे, आणि माशांच्या एका जागेपासून दुसरी जागा कित्येक मैल दूर असे.

दुसरे कूळ या जलाशयांवरचे. खास बास माशासाठी बांधलेली पहिली बोट म्हणून 1948 ची ‘स्कीटर’ ओळखली जाते. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थरमंड याने ती प्लायवूडची बनवली: टोकदार नाळ, बुटके काठ, वाऱ्याला अडेल असे अंग कमीत कमी. 1961 मध्ये स्कीटर फायबरग्लासमध्ये आली. दरम्यान नॉर्थ डकोटातल्या फार्गो येथे ओ. जी. श्मिट याने 1934 मध्येच विजेवर चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर केली होती. मोठी मोटर बंद करून माशाला न बुजवता बोट हळूहळू सरकवण्याची सोय तिने झाली.

तरीही या बोटीला महाग केले ते स्पर्धांनी. अलाबामातल्या माँटगोमेरीचा विमा विक्रेता रे स्कॉट याने जून 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर 106 गळकऱ्यांची स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी ‘बास’ ही संस्था काढली. स्पर्धेत दिवसाचे तास ठरलेले, मोजायचे मासे ठरलेले आणि जिंकणे एकूण वजनावर. प्रवासात जाणारे प्रत्येक मिनिट गळ टाकण्याच्या वेळेतून वजा होते, म्हणून वेगाला भाव आला. त्याच 1968 मध्ये आर्कान्सातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वूड आणि त्याची पत्नी नीना यांनी ‘रेंजर’ बोटी सुरू केल्या. वूड स्वतः व्हाइट नदीवरचा वाटाड्या होता. पहिल्या वर्षी सहाच बोटी झाल्या. 1971 मध्ये कारखाना आगीत जळाला, पण स्पर्धांचे वारे एवढे जोरात होते की धंदा लगेच उभा राहिला. 1972 पासून स्कॉटने स्पर्धेतले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून पंपाने हवा आणि ताजे पाणी खेळवणारी टाकी बोटीच्या पोटात आली. मेलेल्या माशाबद्दल वजन कापले जात असल्याने ती टाकी, तिचे पंप आणि नळ्या यांवर खर्च करणे स्पर्धकाला भागच पडले.

वेगाचा खर्च कुठे जातो ते बुडाकडे पाहिले की कळते. महागड्या बोटीचे बूड इंग्रजी व्ही अक्षरासारखे असते आणि मागच्या बाजूला त्याच्या टोकाशी एक अरुंद सपाट पट्टी ठेवलेली असते. भरधाव जाताना जवळजवळ सगळी बोट पाण्याबाहेर उचलली जाते आणि त्या पट्टीवर तोलली जाते. ताशी 70 मैलांच्या (सुमारे 110 किलोमीटर) वेगाने लाटेवर बसणारा तडाखा आणि मागच्या फळीवर टांगलेली सव्वादोनशे किलोंची, 250 अश्वशक्तीची मोटर हे सारे त्या सांगाड्याने सोसायचे. म्हणून काचतंतूंचे विणलेले थर हाताने, दिशा सांभाळून साच्यात बसवतात. आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या आणि मागची फळी न कुजणाऱ्या संमिश्र साहित्याची करतात, पोकळ्यांत फोम भरतात. स्वस्त बांधणीत तंतूंचे तुकडे फवाऱ्याने मारले जातात आणि लाकूड वापरले जाते. पाणी झिरपले की ते आतून सडते. विकत घेताना यातले काहीच दिसत नाही. दिसतो तो चमकीचा रंग. तोही महाग असतोच, पण बोट त्याने टिकत नाही. एकट्या मोटरचीच किंमत वीस हजार डॉलरांपलीकडे जाते.

जॉनबोटीचे जुने कूळही या काळात सुधारत होते. मासेमारीचे सामान विकणाऱ्या बास प्रो शॉप्सचा जॉनी मॉरिस याने 1978 मध्ये ॲल्युमिनियमची ‘बास ट्रॅकर’ आणली. बोट, मोटर आणि ट्रेलर मिळून 2,995 डॉलर अशी एकच किंमत त्याने लावली. तोपर्यंत गिऱ्हाइकाला तिन्ही वस्तू वेगवेगळ्या दुकानांतून जमवाव्या लागत. पत्रा कापून, वाकवून जोडायचा असल्याने साच्याचा आणि मजुरीचा खर्च कमी पडतो. बोट हलकी असल्याने लहान मोटर पुरते आणि ओढायला साधी गाडी चालते. वाऱ्यात ती भरकटते, लाटांवर खडखडते, रिबिटांच्या सांध्यांतून पुढे गळूही लागते. झाळलेल्या सांध्यांची बोट त्याहून महाग पडते. लहान तळ्यावर सुट्टीचा दिवस घालवणाऱ्याला या उणिवांचे फारसे काही बिघडत नाही, आणि अशा माणसाने लाखाची बोट घेणे हा निव्वळ शौक आहे.

गेल्या वीस वर्षांत किमतीचा मोठा वाटा यंत्रांकडे सरकला. हमिनबर्ड कंपनीने 2005 च्या सुमारास ध्वनिलहरींनी बाजूंचा तळ दाखवणारे सोनार यंत्र आणले. उपग्रहाच्या साह्याने बोट एका जागी धरून ठेवणाऱ्या ट्रोलिंग मोटरी त्यानंतर आल्या. गार्मिन कंपनीच्या 2018 च्या ‘लाइव्हस्कोप’ सोनारमध्ये समोरचा मासा आणि त्याच्याकडे जाणारा गळ दोन्ही हलताना दिसतात. तीन-चार मोठे पडदे आणि त्यांना पुरतील अशा लिथियम बॅटऱ्या बसवल्या की नुसत्या यंत्रांच्या पैशांत एक साधी बास बोट येते. या चढाओढीला 2025 च्या हंगामापासून ‘बास’ने आपल्या वरच्या मालिकेत आळा घातला आणि समोरचे दाखवणाऱ्या सोनारचा एकच संवेदक लावण्याची मुभा ठेवली.