साम्राज्यास्ताचे दोन आरसे

राज्य गेल्यानंतर राज्यकर्त्यांच्या मनाचें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर इतिहासाच्या दप्तरांत सहसा सांपडत नाहीं. तहनाम्यांत प्रांतांचीं नांवें असतात, खलित्यांत फौजांचे आंकडे असतात. परंतु हरून घरीं परतलेला मनुष्य रात्रीं जेवणानंतर आपल्या माणसांशीं काय बोलला, हें कोणत्याहि कागदांत नसतें. पानिपतानंतर महाराष्ट्राच्या अंतःकरणाची काय दशा झाली हें जाणावयाचें तर आपणांस पत्रव्यवहाराइतकाच बखरकाराचाहि आधार घ्यावा लागतो. बखरींतली तारीख चुकेल, संख्या फुगेल. पण तींतला शोक खोटा नसतो.

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत पुण्यास शनिवारवाड्यावर ज्यांचें निशाण चढलें, त्या इंग्रजांचेंहि राज्य पुढें गेलें. १९४७ सालीं हिंदुस्थान सुटला; १९५६ सालीं सुवेझ कालव्याच्या प्रकरणांत अमेरिकेनें डोळे वटारतांच लंडनच्या सरकारास सैन्य माघारीं घ्यावें लागलें; आणि १९६८ च्या जानेवारींत सुवेझच्या पूर्वेकडील लष्करी ठाणीं उठविण्याचा निर्णय पंतप्रधान विल्सन यांनीं पार्लमेंटांत जाहीर केला. वीसएक वर्षांत एवढें अफाट साम्राज्य आवरतें घेतलें गेलें. परंतु त्या मानानें इंग्लंडांत उघड शोक झालेला दिसत नाहीं. मग त्यांची बखर कोठें आहे? आमचें उत्तर पुष्कळांस थिल्लर वाटेल. ती बखर दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत आणि हेरांच्या नाटकांत आहे.

हे दोन प्रकार एकमेकांपासून अगदीं दूरचे, असा सामान्य समज आहे. एक करमणुकीचा, दुसरा उत्कंठेचा. एक जेवणाबरोबर पाहण्याचा, दुसरा मुलें निजल्यावर पाहण्याचा. परंतु १९६८ ते १९८८ या वीस वर्षांतील उत्तम इंग्रजी मालिका ओळीनें पाहिल्या म्हणजे असें दिसून येतें कीं हे एकाच दुःखाचे दोन आविष्कार आहेत. विनोदकार विचारतो, “आपण खरोखर कधीं मोठे होतों काय?” हेरकथाकार विचारतो, “आपणांस आंतून कोणी विकलें?” ज्याचें कांहीं गेलेलें आहे तोच मनुष्य हे दोन प्रश्न विचारतो.

विनोदापासून आरंभ करूं. ठाणीं उठविण्याची घोषणा झाली त्याच १९६८ सालच्या ३१ जुलैस बी. बी. सी.वर ‘डॅड्स आर्मी’ ही मालिका सुरू झाली, आणि १९७७ पर्यंत तिचे ८० भाग झाले. कथेला आधार खरा आहे. १४ मे १९४० रोजीं युद्धमंत्री ईडन यांनीं नभोवाणीवरून सतरा ते पासष्ट वर्षांच्या पुरुषांस स्वसंरक्षणदलांत नांव नोंदविण्याचें आवाहन केलें व थोड्याच महिन्यांत दहा लाखांहून अधिक लोक पुढें आले. मालिकेचे एक लेखक जिमी पेरी हे तरुणपणीं स्वतः त्या दलांत होते. समुद्रकांठच्या एका कल्पित गांवांत बँकेचा व्यवस्थापक कॅप्टन मॅनरिंग स्वतःच पुढारीपण पत्करतो; त्याच्या हाताखालीं त्याच्याच कचेरींतला मुख्य कारकून सार्जंट, गांवचा खाटीक कॉर्पोरल, आणि बाकी सगळे म्हातारे व पोरसवदा. कारकून कुलीन घराण्यांतला आणि व्यवस्थापक कष्टानें वर चढलेला असल्यामुळें हुकूम सोडतांनाहि मॅनरिंगचा न्यूनगंड लपत नाहीं. इंग्रज समाजांतील जातिभेदाचें याहून सूक्ष्म चित्र क्वचितच सांपडेल.

हा विनोद क्रूर नाहीं. मॅनरिंग फुशारकी मारतो, फजीत पावतो. पण जर्मन खरोखर आले असते तर तो आपल्या जागेवरून हलला नसता, याविषयीं प्रेक्षकास तिळमात्र शंका राहत नाहीं. वृद्ध गॉडफ्रेची भूमिका करणारे आर्नोल्ड रिडली हे पहिल्या महायुद्धांत सोमच्या रणांत जखमी झालेले होते; त्यांच्या मंद, सौम्य हालचालींना त्यामुळें निराळीच किंमत येते. परंतु या गोड चित्रांत एक जागा रिकामी आहे. इंग्लंड त्या वेळीं एकटें उभें होतें, ही या मालिकेची मूळ श्रद्धा. प्रत्यक्षांत युद्ध संपेपर्यंत एकट्या हिंदुस्थानांतून सुमारें पंचवीस लाख लोक सैन्यांत भरती झाले होते. त्या गांवांत त्यांची आठवण कोणासच नाहीं. कॉर्पोरल जोन्सच्या बोलण्यांत सुदानच्या जुन्या लढाया वारंवार येतात. पण तेथील माणसें केवळ संगिनीला भिणारीं म्हणून येतात.

पेरी व त्यांचे सहलेखक डेव्हिड क्रॉफ्ट यांची पुढची मालिका आपल्या दाराशींच येते. १९७४ ते १९८१ या काळांत दाखविलेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेचें आरंभीचें स्थळ नाशिकजवळील देवळाली हें आहे. देवळालीची छावणी इंग्रज शिपायांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची. मुदत संपलेले शिपाई स्वदेशीं जाण्यासाठीं तेथें आणून ठेवीत. जहाजें हिंवाळ्यांतच सुटत, म्हणून कित्येकांस महिनेच्या महिने काम नाहीं, धंदा नाहीं, अशा स्थितींत उन्हांत खितपत पडावें लागे. त्या कंटाळ्यानें ज्याचें डोकें फिरे त्यास ‘डूलॅली टॅप’ झाला असें म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! वेड्या मनुष्यास ‘डूलॅली’ म्हणण्याची रीत इंग्रजींत अद्यापि आहे. आपण कोणत्या गांवाचें नांव घेत आहों याची बोलणारास बहुधा कल्पनाहि नसते.

पेरी युद्धाच्या अखेरीस देवळालीस तोफखान्याच्या नाटकमंडळींत होते आणि मालिका त्याच आठवणींवर रचलेली आहे. १९४५ साल, शिपायांची एक नाटकी टोळी, तिच्यावर सतत गुरगुरणारा सार्जंट-मेजर विल्यम्स, आणि दूर क्षितिजावर मावळणारें राज्य, जें त्या सार्जंट-मेजरला दिसत नाहीं. या टोळीचा हिंदी नोकर रंगी राम इंग्रजांविषयीं बोलतांना ‘आम्ही ब्रिटिश’ असें मोठ्या ऐटींत म्हणतो. लेखकांचा कटाक्ष येथें उघडच राज्यकर्त्यांवर आहे. पण रंगी रामाची भूमिका करणारे मायकेल बेट्स हे इंग्रज नट होते आणि तोंडास रंग फांसून ती करीत. योगायोग असा कीं बेट्स यांचा जन्म झांशीचा, आणि हिंदुस्थानी त्यांस उत्तम येत असे. मुखवटा काळजीपूर्वक केलेला होता, पण मुखवटाच होता. पंखेवाला व चहावाला यांच्या लहान भूमिका मात्र आपल्या उपखंडांतील नटांकडे होत्या. पुढें लोकमत पालटलें आणि बी. बी. सी.नें या मालिकेचें पुनःप्रक्षेपण टाळलें.

आतां दुसऱ्या आरशाकडे वळूं. सुवेझनंतरच्या इंग्रज हेरकथेंत जेम्स बाँडचा झगमगाट आहे, हें खरें. जगावर आपली हुकमत अजून चालते असें स्वप्न त्यांत आहे. दूरचित्रवाणीनें मात्र लौकरच निराळी वाट धरली. १९६७-६८ मधील ‘द प्रिझनर’ या सतरा भागांच्या मालिकेंत राजीनामा दिलेल्या हेरास एका रम्य खेड्यांत कोंडून ठेवतात, आणि कोंडणारे परके कीं आपलेच, हें त्यास कळत नाहीं. या संशयाची परिपूर्ति १९७९ च्या सप्टेंबरांत सुरू झालेल्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या सात भागांच्या नाटकांत झाली. जॉन ल कारे यांच्या १९७४ च्या कादंबरीवर तें बेतलेलें. गुप्तहेरखात्याच्या शिखरावर बसलेल्या चौघांपैकीं एकजण रशियाचा हस्तक आहे. तो कोण, हें शोधण्याचें काम सक्तीनें निवृत्त केलेल्या जॉर्ज स्मायलीवर येतें.

अलेक गिनेस यांनीं साकारलेला स्मायली धांवत नाहीं, मारीत नाहीं. चष्मा पुसतो आणि ऐकतो. भूमिकेची तयारी म्हणून गिनेस यांनीं खऱ्या गुप्तहेरखात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर भोजन केलें व त्यांच्या लकबी न्याहाळल्या, हें प्रसिद्धच आहे. त्या आठवड्यांत संपामुळें प्रतिस्पर्धी वाहिनी बंद होती. म्हणून हें संथ, अवघड नाटक एरव्हीं पाहिलें नसतें अशाहि लोकांनीं पाहिलें. शेवटचा भाग होऊन महिनाहि लोटला नव्हता, तोंच १५ नोव्हेंबरला पंतप्रधान थॅचर यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी पालक अँथनी ब्लंट हे रशियाचे हेर होते, आणि १९६४ सालीं त्यांनीं तें खाजगी रीतीनें कबूलहि केलें होतें. नाटक आणि वृत्तपत्र यांतली सीमा त्या महिन्यांत पुसली गेली.

ल कारे यांच्या कथेमागें ज्याची छाया आहे तो किम फिल्बी हा तर अंबाल्यास १९१२ सालीं जन्मलेला. बाप हिंदुस्थानच्या सनदी नोकरींत, आणि ‘किम’ हें लाडकें नांव किप्लिंगच्या कादंबरीवरून पडलेलें. रशियाविरुद्धच्या हेरगिरीचा विभागच एके काळीं ज्याच्या हातीं होता, तो हा गृहस्थ १९६३ सालीं बैरूटहून मॉस्कोस पळाला. अशीं माणसें फितूर कां झालीं? नाटकांतील वृद्ध कॉनी सॅक्स आपल्या परीनें उत्तर देते. तिचे हे लाडके तरुण राज्य करण्यासाठीं घडविलेले होते, आणि तें राज्यच त्यांच्या हातांतून काढून घेतलें गेलें. फितुरीचें हें समर्थन नव्हे. पण निदान म्हणून तें विचार करण्याजोगें आहे.

याच कथेंत दिल्लीच्या तुरुंगांतला एक प्रवेश आहे. पकडलेल्या कार्ला या रशियन हेरास स्मायली पक्ष बदलण्याविषयीं विनवितो. कार्ला एक अक्षरहि बोलत नाहीं, आणि जातांना स्मायलीचा सिगरेट पेटविण्याचा लायटर मात्र घेऊन जातो. हा प्रवेश फार प्रभावी आहे. पण हिंदी वाचकाच्या लक्षांत निराळीच गोष्ट येते. स्वतंत्र भारताच्या राजधानींत दोन परकीय हेर समोरासमोर बसतात, आणि त्या देशाचा भाग काय, तर उकाडा आणि कोठडी. अंबाला, झांशी, देवळाली, दिल्ली! या बखरींत हिंदुस्थान पानोपानीं आहे. बोलत मात्र कोठेंच नाहीं. इंग्रजानें स्वतःला हंसण्याचें धैर्य दाखविलें, स्वतःवर संशय घेण्याचेंहि दाखविलें; ज्यावर राज्य केलें त्याचें ऐकून घेण्याचें धैर्य या मालिकांत दिसत नाहीं.

दोन्ही आरसे जेथें एकत्र येतात ती मालिका ‘येस मिनिस्टर’. १९८० ते १९८८ या काळांत, ‘येस, प्राइम मिनिस्टर’ धरून, तिचे ३८ भाग झाले. बंद दारें, एकाच शाळेंत शिकलेले गृहस्थ, दडविलेले कागद, हा सगळा सरंजाम हेरकथेचा. पण नेम विनोदाचा. सचिव सर हम्फ्रे हा मंत्र्यास प्रत्येक गोष्टींत ‘होय’ म्हणतो आणि कांहींहि होऊं देत नाहीं. त्याची वंशावळ पाहूं गेल्यास ती पुन्हां आपल्याकडेच येते. इंग्लंडांतील नोकऱ्या परीक्षेनें भराव्या असा १८५४ चा अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकीं चार्ल्स ट्रेव्हेल्यन हे कंपनी सरकारच्या चाकरींत हिंदुस्थानांत मुरलेले. आणि परीक्षेची पद्धत प्रथम अंमलांत आली ती १८५५ सालीं, हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठीं.

म्हणूनच ही मालिका आपल्या दूरदर्शनवर दाखविली गेली तेव्हां ती येथें परकी वाटली नाहीं. २००१ सालीं ‘जी मंत्रीजी’ या नांवानें तिचा हिंदी अवतार निघाला. फारूक शेख मंत्री झाले, जयंत कृपलानी सचिव झाले. येथें प्रथमच त्या बखरींतले शब्द हिंदी मनुष्याच्या तोंडीं, रंग न फांसतां, आले. आणि त्याला बोलावयास मिळालें तें काय? साहेबाचेंच भाषण! अंगरखा फारसा आल्टावा लागला नाहीं, कारण खुर्ची तीच होती, टेबल तेंच होतें, आणि फायलीची लाल फीतहि तीच होती.

ही बखर फार थोडक्यांत वांचली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या काळीं चित्रफीत महाग असल्यामुळें जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे घेत. ‘डॅड्स आर्मी’चे हरवलेले दोन भाग २००१ सालीं मिळाले, दुसऱ्या सत्रांतले तीन भाग मात्र अजूनहि गेलेलेच आहेत. पुसून टाकणें हा एक नाश. संकोचानें कपाटांत ठेवणें हा दुसरा. रंगी रामाचा रंग आज डोळ्यांस टोंचतो, आणि तो टोंचलाच पाहिजे. पण तो दिसलाच नाहीं तर टोंचणार कसा? बखरींतलीं नको असलेलीं पानें फाडून इतिहास शुद्ध होत नाहीं.

देवळालीची छावणी आहे तेथेंच आहे. तोफखान्याची शाळाहि तेथेंच आहे, मात्र निशाण आपलें आहे. त्या गांवावर साहेबानें ५६ भागांचें नाटक रचलें, त्यांत स्वतःची यथेच्छ टवाळी केली आणि आपल्या पाणक्या-पंखेवाल्यांनाहि हंसून घेतलें. आपल्यापैकीं कोणी त्या पंखेवाल्याच्या बाजूनें, पंख्याची दोरी ओढतां ओढतां त्यानें काय काय पाहिलें, हें अजून सांगावयाचें आहे.